बावीस छत्र्या आणि एक फूट

भिंतीवरचं कॅलेंडर किंचित तिरकं असलं तरी मापसाहेबांच्या घशाखाली घास उतरत नसे. ते उठून कॅलेंडर सरळ करत, खुर्चीवर येऊन बसत, पुन्हा बघत, पुन्हा उठत. "अहो, तारखा काही सांडणार नाहीत त्यातून," बायको म्हणायची. पण ज्या माणसाने सगळी नोकरी दुकानादुकानांतली वजनं-मापं तपासण्यात घालवली, त्याला हे पटावं कसं? निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांच्याकडून जीप काढून घेतली, शिपाई काढून घेतला, शिक्का काढून घेतला. डोळा तेवढा काढून घ्यायचा राहिला. तो आता घरच्यांवर चालायला लागला.

गाव त्यांना मापसाहेब म्हणे. आदराने की आणखी कशाने, ते त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

इतक्या चोख आयुष्यात एकच गोष्ट बिनमापाची निघाली होती, ती म्हणजे जावई. जावयाची ओढ्यापलीकडच्या गावात रोपवाटिका होती. माणूस कष्टाळू, हसतमुख, पण त्याच्या प्रत्येक वाक्यात 'अंदाजे' असायचंच. रोप किती वाढेल? अंदाजे गुडघ्याएवढं. पाणी किती घालायचं? अंदाजे, माती म्हणेल तेवढं. लग्नानंतर त्याने सासऱ्यांना घरी बोलावलं, तेही कसं? "या ना बाबा रविवारी, अंदाजे दुपारनंतर." मापसाहेबांनी विचारलं, दुपारनंतर म्हणजे किती वाजता. तो म्हणाला, "कधीही या, घर आपलंच आहे." मापसाहेबांच्या लेखी हे आमंत्रणच नव्हतं. ते गेले नाहीत. त्यानंतरही गेले नाहीत. मुलगी माहेरी आली की एकदा तरी म्हणायची, "बाबा, त्यांचं तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. पण एकदा या की. एकदा चांगलं म्हणा त्यांना." मापसाहेब घसा खाकरून कॅलेंडरकडे बघायचे.

तर आता मॅचकडे येऊ. ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांमध्ये दरवर्षी क्रिकेटचा सामना होत असे, आणि दरवर्षी भांडण होत असे. सामना एखाद्या वर्षी रद्द झालेला आहे, भांडण कधीच नाही. गेल्या वर्षी पलीकडच्यांनी आरोप केला की पिच आखूड आखलंय. सहा महिने दोन्ही गावांत त्यावर चर्चा झाली, एक सोयरीक मोडता मोडता वाचली. म्हणून यंदा आपल्या संघाचा कप्तान मापसाहेबांच्या दारात येऊन उभा राहिला.

कप्तान म्हणजे गावातला किराणा दुकानदार. त्याचं आणि मापसाहेबांचं नातं जरा नाजूक होतं. नोकरीत असताना एकदा मापसाहेबांनी त्याचा तराजू धरला होता. एका पारड्याखाली चिंचोक्याएवढं शिसं चिकटवलेलं. दुकानदार तेव्हा अगदी गरिबासारखा म्हणाला होता, "साहेब, पण मी सगळ्यांना सारखंच कमी देतो हो. आप-परभाव नाही. मग अन्याय कुणावर झाला?" मापसाहेबांनी त्याला भर बाजारात, जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं, "माप खोटं म्हणजे व्यवहार खोटा." आणि तराजू जप्त केला. ही गोष्ट ते अजून पाहुण्यांना सांगत. पाहुणे पहिल्यांदा आलेले असोत वा दहाव्यांदा.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "पिच तुम्हीच मोजा. तुम्ही मोजलं म्हटल्यावर बोलायची कुणाची टाप आहे? आणि अंपायर म्हणूनही तुम्हीच उभे राहा."

मापसाहेबांना एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. चेहरा मात्र त्यांनी खात्याचाच ठेवला. "बघतो," ते म्हणाले, आणि दुकानदार फाटकाबाहेर जायच्या आत कपाट उघडून टेप काढली.

या टेपविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. टेप कापडी, खात्याची, तपासून शिक्का मारलेली. पण एकदा जीपच्या दारात सापडून तिचा पहिला फूट तुटला होता. म्हणजे टेप शून्यापासून सुरू न होता थेट एकपासून सुरू व्हायची. दुसऱ्या कुणी ती फेकून दिली असती. मापसाहेबांचं म्हणणं असं की शिक्का शाबूत आहे तोवर टेप शाबूत आहे, आपण फक्त शेवटी एक फूट जास्त वाचायचा. सहासष्ट फूट हवेत तर सदुसष्टवर खूण करायची. झालं. इतकं साधं गणित ज्याला जमत नाही त्याने मोजायलाच जाऊ नये.

पण मैदानावर नुसत्या टेपने भागेना. रेघा मारायला चुना हवा होता आणि चुना गावच्या कचेरीत होता. कचेरीतला कारकून म्हणाला, चुना झाडांच्या बुंध्यांना लावण्यासाठी मंजूर झालाय, जमिनीसाठी नाही. मापसाहेब म्हणाले, जमीन झाडाखालीच असते. कारकून म्हणाला, तसा अर्ज द्या. अर्ज दिला. त्यावर वरच्या साहेबांची सही हवी होती आणि वरचे साहेब संघात यष्टिरक्षक असल्यामुळे सरावाला गेले होते. मापसाहेब सरावाच्या जागी गेले तर साहेब म्हणाले, सही कचेरीतच करतो, इथे शिक्का नाही. ज्यांनी आयुष्यभर लोकांना शिक्क्यासाठी उभं केलं, त्या मापसाहेबांना बाकड्यावर बसून शिक्क्याची वाट बघावी लागली. बाकडंही एका पायाने आखूड होतं. त्यांनी पायाखाली कागदाची घडी घातली, तर कारकून म्हणाला, तो कागद जपून, तो कुणाचातरी अर्ज आहे.

शेवटी चुना मिळाला आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मापसाहेब मैदानात उतरले. सोबत शेजारचे कॅशियर होते. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुणी सुट्टे दिले तरी ते एकदा सरळ आणि एकदा उलट मोजत. गावात मापसाहेबांना शोभेल असा काटेकोर माणूस हा एकच. टेपचं एक टोक धरायला त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

बघता बघता अर्धं गाव भोवती गोळा झालं. कुणी म्हणालं, पिच उत्तर-दक्षिण घ्या, नाहीतर डोळ्यांवर ऊन येईल. कुणी म्हणालं, तिरकं घ्या, तिकडे मुंग्यांचं वारूळ आहे. गॅरेजवाला संघाचा वेगवान गोलंदाज होता. तो म्हणाला, कुठेही घ्या, पण माझ्या बाजूला जरा उतार ठेवा. एकाने तर मापसाहेबांना टेप कशी धरतात हे दाखवायला सुरुवात केली. या गलबल्यात मापसाहेबांचा नेहमीचा शिरस्ता जरा विस्कटला. कॅशियरना पलीकडच्या स्टम्पांपाशी उभं करून, तोंडाने लोकांना उत्तरं देत, ते टेप उलगडत आले. टेप ताणली, सदुसष्टवर बोट ठेवलं, तिथे काठी रोवली. मग दोन पावलं मागे सरकून बघितलं, आणि समाधानाने मान हलवली. पिच सरळ होतं, रेघा सरळ होत्या, आणि त्या रात्री कॅलेंडरही सरळ होतं.

सामन्याच्या दिवशी सगळं अलीकडचं गाव एका बाजूला आणि पलीकडचं दुसऱ्या बाजूला बसलं. मापसाहेबांची मुलगी मधोमध, आईशेजारी. मापसाहेब पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि पांढरे बूट घालून उभे राहिले. पलीकडच्यांनी अंपायर म्हणून आपला कंपाउंडर दिला होता. तो बिचारा प्रत्येक निर्णयाआधी मापसाहेबांकडे बघे.

आपल्या गावाची फलंदाजी आधी होती, आणि पहिल्या काही ओव्हरमध्येच लोक धावबाद व्हायला लागले. शिंपी धावबाद झाला. यष्टिरक्षक साहेब धावबाद झाले, आणि कचेरीत नसतानाही सगळ्या जगावर चिडून तंबूत गेले. दुकानदार तर क्रीजच्या जरा अलीकडे असताना स्टम्प उडाले. तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला, "साहेब, रन जरा लांब पडतेय का हो आज?"

"रन तेवढीच आहे," मापसाहेब म्हणाले. "पोट पुढे आलंय."

आजूबाजूचे हसले. दुकानदार हसला नाही. त्याला मापसाहेबांकडून ऐकून घ्यायची सवय होती, आवड नव्हती.

तरीही कशीबशी बऱ्यापैकी धावसंख्या झाली आणि चहाची सुट्टी झाली. मापसाहेब कॅशियरशेजारी खुर्चीवर बसले. त्यांचा कप बशीत बरोबर मधोमध होता.

"पिच छान झालंय," कॅशियर चहा फुंकत म्हणाले. "मलाही काल जरा टेन्शन होतं. तुमच्या टेपचा पहिला फूट तुटलाय ना, म्हणून मी आठवणीने टेप स्टम्पांना न लावता, स्टम्पांपासून एक फूट जागा सोडून पुढे धरली. तो तुटलेला फूट कुठेतरी मोजायला नको का? तुम्ही लोकांशी बोलत होतात, म्हटलं तुम्हाला कशाला त्रास."

मापसाहेबांचा कप ओठांपाशी थांबला.

कॅशियरनी तुटलेला फूट स्वतःच्या टोकाला मोजला होता. मापसाहेबांनी तोच फूट आपल्या टोकाला मोजला होता. दोन काटेकोर माणसांनी, एकमेकांना न सांगता, एकच फूट दोनदा मोजला होता. दोघांपैकी एक जरी गबाळा असता तरी पिच बरोबर झालं असतं.

"काय झालं?" कॅशियरनी विचारलं.

"काही नाही," मापसाहेब म्हणाले. "चहा गरम आहे." तो गार झाला होता.

दुसरा डाव सुरू झाला आणि मापसाहेबांच्या पायांना मैदान टोचायला लागलं. कदाचित कॅशियरची आठवण चुकत असेल. कदाचित त्यांनी फूट सोडायचं ठरवलं आणि मग विसरले असतील. माणूस म्हातारा आहे. पण सुट्टे उलटसुलट मोजणारा माणूस विसरेल कसा? खात्री करून घ्यायला हवी होती, आणि इथे भर मैदानात, दोन गावांच्या डोळ्यांदेखत, टेप काढून पिच मोजणं म्हणजे स्वतःच स्वतःच्या घरावर धाड घालण्यासारखं होतं. त्यांनी ओव्हर संपल्यावर बुटाच्या मापाने पिच मोजायचा प्रयत्न केला. टाचेला चवडा लावत अर्ध्यापर्यंत आले तर कंपाउंडर जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाय मुरगळलाय का? मलम आहे माझ्याकडे." मोजणी विस्कटली. पुढच्या ओव्हरला मनातल्या मनात गणितं करत राहिल्यामुळे त्यांनी गॅरेजवाल्याला सात चेंडू टाकू दिले. त्याने तक्रार केली, तर सातवा चेंडू सरावाचा होता असं उत्तर त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांच्या अंपायरकीवर पडलेला हा पहिला डाग.

मग त्यांना छत्री आठवली. बायकोची लांब दांड्याची छत्री टोकापासून मुठीपर्यंत बरोबर तीन फूट होती. घेताना त्यांनी दुकानातच मोजली होती, आणि दुकानदारीण बाईंनी त्यांना पुन्हा दुकानात येऊ नका असं सांगितलं होतं. तीन फुटांची छत्री, बावीस वेळा. बरोबर सहासष्ट.

"ऊन लागतंय," ते बायकोला जाऊन म्हणाले.

बायकोने वर बघितलं. आभाळ चांगलं भरून आलेलं होतं. "घ्या," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही गोष्टी विचारायच्या नसतात.

पुढची विकेट पडली तेव्हा संधी आली. पलीकडच्या संघात पॅडच्या दोनच जोड्या असल्यामुळे बाद झालेल्याचे पॅड उतरवून नव्याला बांधेपर्यंत वेळ जाई. मापसाहेब मिटलेली छत्री घेऊन पिचवर उतरले आणि उंचवटे ठोकून सपाट करत असल्याचा आव आणत छत्री आडवी घालत, उचलत, पुन्हा घालत पुढे सरकू लागले. लोक बघत होते. "काय बारकाई आहे बघा," पलीकडच्या गावातला कुणीतरी म्हणाला. "एकेक खड्डा ठोकतायत." मापसाहेबांच्या कपाळावर घाम आला. विसावी. एकविसावी. बाविसावी छत्री संपली, आणि दुसऱ्या टोकाचे स्टम्प अजून पुढे होते. वाकून वीत लावून बघायचीही गरज नव्हती. त्यांचा डोळा खात्याने काढून घेतलेला नव्हता. एक फूट.

आता सांगायचं की नाही? त्या क्षणी सांगितलं तर सामना बंद, दोन्ही गावं मैदानात, आणि उद्यापासून गावात कुणी त्यांना मापसाहेब म्हणालं तर ते कशाने म्हणतंय ते तपासायचीही गरज पडणार नाही. दोन ओव्हर ते तळमळत उभे राहिले. मग त्यांना एक विचार सुचला आणि केवढा तरी धीर आला. दोन्ही संघ याच पिचवर खेळले. आपल्या गावाचे लोकही फूटभर जास्तच पळाले. सगळ्यांना सारखंच लांब. मग अन्याय कुणावर झाला?

या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी कंपाउंडरकडे बघून स्मितही केलं. मग दुकानदार क्षेत्ररक्षणाच्या जागेवरून ओरडला, "चला, आवरा, अंधार पडतोय," आणि तो आवाज ऐकताच मापसाहेबांना आठवलं की 'अन्याय कुणावर झाला' हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते त्यांनी एका तराजूसमोर ऐकलं होतं, भर बाजारात, आणि त्यावर दिलेलं उत्तर ते अजून पाहुण्यांना सांगत होते.

तिथून पुढे मापसाहेबांना उभं राहवेना आणि बसायची सोय नव्हती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिले. सामना रखडत रखडत शेवटच्या चेंडूपर्यंत आला. पलीकडच्यांची शेवटची जोडी खेळत होती. जिंकायला दोन धावा हव्या होत्या. एक झाली तर बरोबरी, नाहीतर आपलं गाव एका धावेने जिंकणार. आणि फलंदाजीला समोर कोण होतं? जावई. हेल्मेट दुसऱ्याचं, पॅड तिसऱ्याचे, हसू मात्र स्वतःचं.

मापसाहेबांनी मुलीकडे बघितलं. तिने ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. लहानपणी परीक्षेच्या निकालाला धरायची तसं.

गॅरेजवाल्याने धावत येऊन चेंडू टाकला. जावयाने बॅट फिरवली, अंदाजेच, आणि चेंडू सरळ दुकानदाराकडे गेला. जावई धावत सुटला. दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदाच चपळाई दाखवली. चेंडू उचलला, फेकला, गॅरेजवाल्याने झेलून मापसाहेबांच्या डोळ्यांसमोर स्टम्प उडवले. जावयाने सूर मारला होता. धुरळा खाली बसला तेव्हा त्याच्या बॅटचं टोक क्रीजच्या अलीकडे होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. अलीकडचं सगळं गाव एका सुरात ओरडलं आणि नाचत मैदानात शिरलं.

जावई उठला, गुडघे झाडले. मापसाहेबांच्या निर्णयाची वाटही न बघता ग्लोव्ह काढायला लागला.

"वीतभर राहिलो, बाबा," तो म्हणाला. "अंदाजे."

"सात इंच," मापसाहेबांच्या तोंडून सवयीने निघालं. मग त्यांनी छत्री जमिनीत रोवली आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नॉट आऊट."

नाचणारे लोक जागच्या जागी थांबले. एकाचा पाय वरच राहिला. दुकानदार धापा टाकत आला. "साहेब, अहो आंधळ्यालाही दिसलं असतं. जावई आहे म्हणून काय?"

हे मापसाहेबांना फार लागलं. त्यांच्यावर आजवर पुष्कळ आरोप झाले होते, पण आपल्या माणसाला झुकतं माप दिल्याचा कधी झाला नव्हता. "सात इंच राहिला हे खरं," ते म्हणाले. आवाज कापत होता आणि तो कापतोय हे त्यांना ऐकू येत होतं. "पण पिच एक फूट लांब आहे. मी चुकीचं मोजलंय. बरोबर मोजलं असतं तर तो आत पोचून पाच इंच उरला असता."

कॅशियर खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. कुणीतरी म्हणालं, मोजून बघा. छत्री पुन्हा आडवी पडली. या वेळी दोन्ही गावं मोठ्याने मोजत होती. बावीस छत्र्या झाल्या आणि एक फूट उरला.

"मला वाटतच होतं," जावई पॅडचा पट्टा सोडत सहज म्हणाला. "दुसऱ्या टोकाला उभा होतो तेव्हापासून. फूटभर जास्त असावं, अंदाजे."

मापसाहेब त्याच्याकडे वळले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोजलंय असं कळलं," तो म्हणाला. "मग म्हटलं, माझंच चुकत असणार."

या माणसाने, ज्याला ते एकदाही चांगलं म्हणाले नव्हते, त्यांच्या टेपवर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. त्यांना लाज वाटली, आणि तिचं माप घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

तोवर दुकानदार पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज पसरत चाललं होतं. कितीतरी वर्षं उधारीवर ठेवलेलं काहीतरी आज अचानक हाती लागल्यासारखं. "साहेब," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "पण सगळ्यांना सारखंच लांब होतं ना? आप-परभाव नाही. मग अन्याय कुणावर झाला?"

सगळं अलीकडचं गाव ही गोष्ट जाणत होतं. सगळं पलीकडचं गाव पुढच्या अर्ध्या मिनिटात जाणू लागलं.

मापसाहेब ताठ उभे राहिले. बाजारात उभे राहिले होते तसेच, फक्त या वेळी समोरच्या बाजूला. "माप खोटं म्हणजे व्यवहार खोटा," ते म्हणाले.

"मग?" दुकानदाराने हात पुढे केला.

मापसाहेबांनी खिशातून टेप काढली. सकाळपासून ती खिशातच होती. त्यांनी ती नीट गुंडाळली, शिक्का वर येईल अशी, आणि दुकानदाराच्या तळहातावर ठेवली. दुकानदाराने ती डोळ्यांसमोर धरली, पहिल्या तुटलेल्या फुटाकडे बघितलं, आणि म्हणाला, "जप्त." मग मात्र तो हसला, दुकानदाराचं नव्हे, माणसाचं हसू. "चला साहेब, फिटली."

निर्णय कायम राहिला. सामना बरोबरीत सुटला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही गावं सारखीच नाराज झाली. मापसाहेबांना यातल्या यात तेवढंच समाधान. करंडकाचा प्रश्न निघाला. अर्धं वर्ष पलीकडे, अर्धं अलीकडे, असं ठरलं. पण पोचवायचा कुणी? सगळ्यांनी एकाच वेळी मापसाहेबांकडे बघितलं. हीच शिक्षा, असं कंपाउंडर म्हणाला, आणि दिवसभरात त्याने मापसाहेबांकडे न बघता दिलेला तो एकच निर्णय होता.

घरी निघताना मुलगी जवळ आली. करंडक मापसाहेबांच्या काखेत होता. त्याची दांडी जरा वाकडी होती, आणि ते तिच्याकडे न बघता चालत होते.

"मग बाबा, कधी आणताय करंडक?" तिने विचारलं. जावई दोन पावलं मागे थांबला होता, अवघडून.

"रविवारी," मापसाहेब म्हणाले. "साडेतीनला." मग ते वळले, जावयाकडे बघून म्हणाले, "शेवटचा चेंडू चांगला खेळलात." बाकीचं त्यांना जमेना, म्हणून ते पुन्हा चालायला लागले.

चार पावलांवर ते थांबले.

"चारही वाजतील," ते पाठमोरेच म्हणाले.

बायकोने हातातली छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि चालता चालता त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.